नागपुरात सरकारी नोंदींच्या नकला आणि दाखले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दाखला आणि नक्कल यात नेमका फरक काय? आम्हाला कोणतं लागेल?

नक्कल म्हणजे कार्यालयाच्या दप्तरी आधीपासून असलेल्या कागदाची प्रमाणित प्रत. फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाची नोंद), जुना आदेश, कोतवाल पंजीतली (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीतली) नोंद, मोजणी नकाशा यांची नक्कल मिळते. दाखला अधिकारी तुमचे पुरावे तपासून आज नव्याने देतो, जसे उत्पन्नाचा, अधिवासाचा, जातीचा. जन्म-मृत्यूचा दाखला नावाने दाखला असला तरी प्रत्यक्षात तो रजिस्टरमधल्या नोंदीचा उताराच असतो.

हा फरक आधी लक्षात घ्या, कारण अर्ज कुठे करायचा ते यावरच ठरतं. नक्कल जिथे मूळ कागद आहे तिथेच मिळते. दाखला तुमच्या हद्दीच्या सक्षम अधिकाऱ्याकडून मिळतो. नागपुरात लोकांचे जे हेलपाटे होतात, त्यातले बरेच चुकीच्या कार्यालयात गेल्यामुळे होतात, कागद कमी पडल्यामुळे नव्हे. म्हणून अर्ज लिहिण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा : ही नोंद कोणत्या रजिस्टरला आहे आणि ते रजिस्टर आज कोणाच्या ताब्यात आहे?

जन्म दाखल्यासाठी कोणत्या झोनमध्ये जायचं? आम्ही राहतो तिथे की बाळ जन्मलं तिथे?

जिथे जन्म झाला तिथे. राहत्या पत्त्याचा इथे काहीही संबंध नाही. नागपूर महापालिकेचे दहा झोन आहेत : लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर आणि मंगळवारी. रुग्णालय ज्या झोनच्या हद्दीत, नोंद त्या झोनची. मेडिकल, मेयो, डागा अशा मोठ्या शासकीय रुग्णालयांतला जन्म असेल तर आधी रुग्णालयाच्याच जन्म-मृत्यू नोंदणी खिडकीवर विचारा, म्हणजे झोनची चक्कर वाचते.

कामठी, हिंगणा, सावनेरकडची बाळंतपणं शहरात होतात. मग घरचे गावच्या ग्रामपंचायतीत दाखला मागतात आणि तिथे नोंदच सापडत नाही. उलटही होतं : बाळंतपण माहेरी काटोलला झालं आणि दाखला मागितला नागपूरच्या झोनमध्ये.

जाताना डिस्चार्ज कार्ड घेऊन जा. त्यावरची तारीख, वेळ आणि आईचं नाव यावरून नोंद लवकर सापडते. नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख माहीत असेल तर फारच उत्तम. नोंदणीची तारीख आणि जन्माची तारीख वेगळी असते, हे विसरू नका.

दाखल्यावर बाळाचं नावच नाही. आता काय?

नोंद वेळेत झाली पण नाव तेव्हा ठरलं नव्हतं, म्हणून ती जागा कोरी राहते. जन्माची नोंद झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क टाकता येतं. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून टाकता येतं. १५ वर्षं उलटली असतील तर झोनमध्ये आधी चौकशी करा, कारण अशा जुन्या नोंदींसाठी शासनाने वेळोवेळी मुदतवाढ दिलेली आहे.

नाव टाकताना पहिल्याच वेळी इंग्रजी आणि मराठी स्पेलिंग नीट लिहून द्या. शाळा, आधार, पासपोर्ट सगळीकडे पुढे हेच नाव जाणार आहे. एकदा टाकलेलं नाव हौस म्हणून बदलून मिळत नाही.

जन्माची नोंदच झालेली नाही. कशी करायची?

किती उशीर झाला आहे त्यावर ते अवलंबून आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ प्रमाणे २१ दिवसांच्या आत नोंद विनाशुल्क होते. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क भरून होते. ३० दिवसांनंतर एक वर्षापर्यंत वरिष्ठ निबंधकाची लेखी परवानगी लागते. एक वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. हा अधिकार आधी न्यायदंडाधिकाऱ्याकडे होता. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला. ही दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे.

एक वर्षाच्या पुढच्या प्रकरणांत अर्जासोबत सर्वात आधी लागतो तो अनुपलब्धतेचा दाखला, म्हणजे नमुना १०. संबंधित झोनने किंवा ग्रामपंचायतीने रजिस्टर शोधून ‘नोंद आढळली नाही’ असं लिहून दिलेलं हवं. तो नसेल तर तहसीलमध्ये पुढे काहीच हलत नाही. त्याच्यासोबत शाळेचा प्रवेश निर्गम उतारा, लसीकरण कार्ड, रुग्णालयाची कागदपत्रं, भावंडांचे दाखले असे पुरावे लावा. २०२५ पासून राज्यात उशिराच्या नोंदींची छाननी बरीच कडक झाली आहे. केवळ आधार कार्ड आणि प्रतिज्ञापत्र यांच्या बळावर आदेश मिळेल, ही अपेक्षा ठेवू नका. जन्म नेमका कुठे झाला याचा पुरावा जितका जुना, तितका तो वजनदार.

ज्यांचा जन्म १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर झाला आहे, त्यांच्यासाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, पासपोर्ट अशा ठिकाणी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्म दाखला हाच ग्राह्य धरण्याची तरतूद आहे. नव्या आईबापांनी हे काम पुढे ढकलू नये.

दाखल्यात आईचं नाव चुकलं आहे. खोडून दुसरं लिहून देत नाहीत, असं का?

कायद्याने तसं करताच येत नाही. अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे मूळ नोंदीला हात न लावता समासात दुरुस्तीची नोंद घ्यायची असते आणि तिथे निबंधकाची सही व तारीख असते. त्यानंतर निघणाऱ्या दाखल्यात दुरुस्त मजकूर येतो. म्हणजे दाखला दुरुस्त करायला सांगू नका, नोंद दुरुस्त करण्याचा अर्ज द्या.

‘सुनिता’चं ‘सुनीता’ करणं ही लेखनिकाची चूक मानली जाते आणि आईचं आधार, लग्नाचा दाखला, डिस्चार्ज कार्ड यावर ती दुरुस्त होते. ‘सुनीता’चं ‘वैशाली’ करायचं असेल, म्हणजे माहेरचं नाव जाऊन सासरचं यायचं असेल, तर प्रश्न वेगळा आहे. बाळ जन्मलं तेव्हा आईचं कायदेशीर नाव काय होतं, ते सिद्ध करावं लागतं. रुग्णालयाने पाठवलेल्या अहवालात जे नाव आहे तेच नोंदीत आलं असेल, तर आधी रुग्णालयाकडून दुरुस्तीचं पत्र आणा.

सातबारा आणि आखीव पत्रिका, नागपुरातल्या प्लॉटसाठी कोणता कागद मागायचा?

ज्या भागाचं नगर भूमापन झालं आहे, तिथे आखीव पत्रिका, म्हणजे बोलीत प्रॉपर्टी कार्ड. महाल, इतवारी, सीताबर्डी, धरमपेठ यांसारख्या जुन्या वस्त्यांत ती असते आणि तिच्यासाठी सिटी सर्व्हे नंबर व शीट नंबर लागतो. फक्त घर क्रमांक सांगितला तर भूमापन कार्यालयात काही सापडत नाही, कारण घर क्रमांक महापालिकेच्या कर विभागाचा असतो. हे दोन्ही नंबर जुन्या विक्रीपत्राच्या शेवटी, मालमत्तेच्या वर्णनात असतात.

शहराभोवतीच्या लेआउटमध्ये बऱ्याच जमिनी अजून सातबाऱ्यावर आहेत. तिथे मौजा (महसुली गाव), पटवारी हलका (तलाठ्याचा साझा) क्रमांक आणि खसरा (जमिनीचा सर्व्हे) क्रमांक हे तीन लागतात. खसरा एक आणि त्यावर शंभर प्लॉट, अशी स्थिती असते. त्यामुळे सातबाऱ्यावर अजून मूळ शेतमालकाचं किंवा गृहनिर्माण संस्थेचंच नाव दिसतं आणि प्लॉटधारक घाबरतो. घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. अशा प्लॉटसाठी नोंदणीकृत विक्रीपत्र, सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा), मंजूर नकाशा आणि नागपूर सुधार प्रन्यासचं नियमितीकरण पत्र हा संच महत्त्वाचा. लोक याच पत्राला आरएल म्हणतात.

जमीन नझूलची असेल, म्हणजे सरकारी पट्ट्याची, तर पट्ट्याची फाईल जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नझूल शाखेकडे असते. प्रन्यासच्या पट्ट्याचा प्लॉट असेल तर फाईल प्रन्यासकडे. दोन्ही ठिकाणी पट्ट्याची मुदत आणि शेवटचं नूतनीकरण कधी झालं, ते आधी बघा. मुदत संपलेल्या पट्ट्यावर ना हरकत मागितली की प्रकरण आधी नूतनीकरणाकडे वळतं आणि महिने जातात.

ऑनलाइन काढलेला सातबारा बँकेत का चालत नाही?

कारण तो फुकटचा, फक्त माहितीसाठी असलेला उतारा असतो. भूलेख संकेतस्थळावर नागपूर विभाग निवडून जो सातबारा दिसतो, त्याच्यावर ‘कायदेशीर बाबींसाठी वापरता येणार नाही’ अशा अर्थाची सूचना असते. बँकेला आणि न्यायालयाला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा द्या. तो महाभूमीच्या संकेतस्थळावरून प्रति उतारा १५ रुपये भरून मिळतो. त्यावर पडताळणी क्रमांक असतो आणि वेगळ्या सही-शिक्क्याची गरज नसते. पैसे कापले गेले आणि उतारा उतरला नाही, असं झालं तर लगेच पुन्हा पैसे भरू नका. आधी खात्यात लॉगिन करून व्यवहाराची स्थिती तपासा.

विक्रीपत्र नोंदणीकृत आहे, तरी सातबाऱ्यावर नाव नाही. असं कसं?

नोंदणी आणि फेरफार ही दोन वेगळी कामं आहेत. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला गेला म्हणजे व्यवहाराची नोंद झाली. महसुली अभिलेखात नाव येण्यासाठी ग्राम महसूल अधिकाऱ्याने, म्हणजे आपल्या तलाठ्याने, फेरफार नोंद घ्यावी लागते. मग हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात आणि त्यानंतर मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतात. आता नोंदणी कार्यालयातून माहिती ऑनलाइन पुढे जाते, पण जुन्या दस्तांना हे लागू नव्हतं. तेव्हा खरेदीदाराने स्वतः जाऊन वर्दी, म्हणजे व्यवहाराची सूचना, द्यायची होती, आणि ती अनेकांनी दिलीच नाही.

नोंद नामंजूर झाली असेल तर ‘का’ हे तोंडी विचारून परत येऊ नका. फेरफाराची नक्कल घ्या. शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहिलेलं असतं : क्षेत्र जुळत नाही, वारसांची सही नाही, तुकडेबंदीचा भंग, नोटीस बजावली गेली नाही. अपील करायचं असेल तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे ही नक्कल लागतेच.

नक्कल अर्जात काय लिहायचं?

‘माझ्या शेताचे सर्व कागद मिळावे’ असं लिहू नका. रेकॉर्ड रूममधल्या माणसाला उठून थेट एका कप्प्यापर्यंत जाता आलं पाहिजे, इतका अर्ज नेमका हवा. उदाहरणार्थ :

‘मौजा …, प.ह.क्र. …, तालुका …, जिल्हा नागपूर येथील खसरा क्र. … संबंधी फेरफार क्र. …, दिनांक …, याची तसेच त्यासोबतची वर्दी, नोटिसा, जबाब व मंडळ अधिकाऱ्याचा आदेश यांची प्रमाणित प्रत मिळावी.’

‘त्यासोबतची’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तो नसेल तर फेरफाराचं एक पान मिळतं आणि ज्या जबाबासाठी तुम्ही आलात तो फाईलमध्येच राहतो.

महसुली प्रकरणाची नक्कल हवी असेल तर राजस्व मामला क्रमांक लागतो. जुन्या आदेशांवर तो ‘रा.मा.क्र.’ असा लिहिलेला असतो आणि त्यात शीर्ष (प्रकरणाचा प्रकार) व वर्ष असतं. वर्षाचा घोटाळा इथेच होतो. प्रकरण ज्या वर्षी दाखल झालं ते वर्ष क्रमांकात येतं, आदेश झाला ते वर्ष नाही. क्रमांक माहीत नसेल तर पक्षकाराचं नाव, मौजा आणि अंदाजे वर्ष देऊन आधी नोंदवहीतून क्रमांक शोधून घेण्याची विनंती करा.

अर्जाला कोर्ट फी तिकीट लावा, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पोच नसलेला अर्ज पुढे कोणत्याही अपिलात उपयोगी पडत नाही.

प्रमाणित प्रत मिळाली, ती बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

खिडकीवरच पानं मोजा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ७५ प्रमाणे प्रतीखाली ‘खरी प्रत’ असल्याचं प्रमाणपत्र, तारीख, अधिकाऱ्याचं नाव, पदनाम आणि सही हवी, आणि कार्यालयाची मोहोर असेल तर तीही. नुसता गोल शिक्का आणि आडवी सही असेल, नाव-पदनाम नसेल, तर न्यायालयात आक्षेप येऊ शकतो. नकाशाची प्रत असेल तर स्केल आणि उत्तर दिशा दिसते का ते बघा. झेरॉक्समध्ये कडा कापल्या जातात आणि शेजारचा खसरा क्रमांक गायब होतो.

जातीच्या दाखल्यासाठी किती जुना पुरावा लागतो?

प्रवर्गानुसार मानीव दिनांक वेगळा आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखेला किंवा त्याआधी तुमचं कुटुंब कुठे राहत होतं आणि तिथल्या नोंदीत जात काय लिहिली होती, हे दोन्ही दाखवायचं असतं.

अर्ज त्या ठिकाणच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे जातो. तुम्ही स्वतः वीस वर्षांपासून मानेवाड्याला राहत असाल आणि आजोबा त्या तारखेला साकोलीकडचे असतील, तर अर्ज भंडारा जिल्ह्यातल्या उपविभागाकडे. सेतूत (दाखल्यांचे अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात) नागपूरचा पत्ता टाकून अर्ज भरला की तो तपासणीत परत येतो, आणि तोवर प्रवेशाची तारीख निघून जाते.

आजोबांच्या शाळेच्या कागदावर ‘मध्यप्रदेश’ लिहिलं आहे. आम्ही परप्रांतीय ठरतो का?

नाही. हा प्रश्न नागपूर आणि पूर्व विदर्भात सतत येतो, आणि कधीकधी खिडकीवरच्या नवख्या कर्मचाऱ्यालाही त्याचं उत्तर ठाऊक नसतं. नागपूर ही आधी मध्य प्रांत व वऱ्हाडची आणि नंतर त्या वेळच्या मध्यप्रदेश राज्याची राजधानी होती. विदर्भाचे जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. म्हणजे १९५० च्या मानीव दिनांकाला नागपूर, उमरेड, रामटेक इथे राहणारा प्रत्येक माणूस कागदोपत्री मध्यप्रदेशचाच रहिवासी होता. कागदावर ‘सी.पी. अँड बेरार’ किंवा ‘म.प्र.’ असेल तर सोबत गावाचं, तहसिलीचं आणि जिल्ह्याचं नाव ठळक दाखवा. राज्याचं नाव कोणतं लिहिलं आहे यापेक्षा ते गाव आजच्या महाराष्ट्रात आहे का, हे महत्त्वाचं.

कुटुंब खरोखरच छिंदवाडा, शिवनी किंवा बालाघाटहून मानीव दिनांकानंतर आलं असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा स्थलांतरितांची तरतूद लागते, वडिलांचा मूळ राज्यातला दाखला लागतो आणि इथल्या आरक्षणाचे लाभ मिळतीलच असं नाही.

जुने पुरावे नेमके कुठे शोधायचे?

पहिली जागा शाळा. आजोबा-पणजोबा ज्या प्राथमिक शाळेत गेले, तिथल्या दाखल खारीज (प्रवेश निर्गम) रजिस्टरचा उतारा. शाळा बंद झाली असेल तर रजिस्टर केंद्रशाळेत किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागात गेलेलं असतं. शाळा नगरपालिकेची होती की जिल्हा परिषदेची, तेवढं आधी पक्कं करा.

दुसरी जागा तहसीलची रेकॉर्ड रूम. मालगुजारी १९५१ मध्ये संपली आणि त्यानंतर हक्कांची नव्याने नोंद झाली. तोच १९५४-५५ चा अधिकार अभिलेख. त्यात कास्तकाराच्या नावापुढे बापाचं नाव, जात आणि राहण्याचं गाव असतं. शेती असलेल्या कुटुंबांना याचा फार उपयोग होतो.

तिसरी कोतवाल पंजी, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची जुनी वही, नमुना १४. शेती नसलेल्या, शाळेत न गेलेल्या कुटुंबांसाठी बहुतेक वेळा हीच एक आशा असते, म्हणून ती कशी वाचायची ते सांगणं आवश्यक आहे. तिच्यात बाळाचं नाव बहुधा नसतं. बापाचं नाव, त्याची जात, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि तारीख, एवढंच. म्हणजे आजोबांचं नाव शोधत पानं उलटलीत तर काही सापडणार नाही. पणजोबांचं नाव आणि आजोबांच्या जन्माचं अंदाजे वर्ष घेऊन बसा, त्याच्या मागची-पुढची तीन-चार वर्षंही बघा. आजोबांच्या भावंडांची नोंद सापडली तरी चालते, फक्त मग वंशावळीत ते नातं दाखवावं लागतं. नावं हिंदी वळणाची, आडनावाशिवाय आणि बोलीतली असतात : ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘रामा वल्द गोमा’ म्हणजेच तुमच्या वंशावळीतला ‘रामाजी गोमाजी’ असू शकतो. तो तोच आहे हे जोडणारा दुसरा कागद शोधावा लागतो. नक्कल घेताना एका ओळीची घेऊ नका, रकान्यांच्या मथळ्यांसकट पूर्ण पानाची घ्या. मथळा नसेल तर ‘जात’ हा शब्दच प्रतीत येत नाही आणि जात पडताळणी समिती विचारते की ‘हे जातीचं नाव कशावरून?’

सिव्हिल लाइन्सच्या जुन्या सचिवालयात राज्य शासनाचं विदर्भ अभिलेखागार आहे. मध्य प्रांत काळातली शासकीय कागदपत्रं तिथे आहेत. घराण्याची जमीन, जुने आदेश यांच्या शोधात ते कामी येतं. साधा दाखला काढायला तिथे जाण्याची गरज नाही.

जात दाखला आणि जात वैधता एकच का?

नाही. दाखला उपविभागीय अधिकारी देतात, वैधता प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. अनुसूचित जमातींसाठी समिती वेगळी आहे. घरात वडील, काका, आत्या, सख्खा भाऊ यांच्यापैकी कोणाची वैधता झालेली असेल तर तिची प्रत आणि नातं दाखवणारी वंशावळ लावा, काम बरंच हलकं होतं. अकरावी-बारावीतच अर्ज टाका. निकालानंतर सगळा जिल्हा एकदम रांगेत असतो.

उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेयर आणि डोमिसाईलला किती दिवस लागतात?

उत्पन्नाच्या आणि अधिवासाच्या (डोमिसाईलच्या) दाखल्याला लोकसेवा हक्काखाली १५ दिवसांची मुदत आहे, दोन्ही तहसीलदाराकडून मिळतात. जात आणि नॉन क्रिमिलेयर उपविभागीय अधिकाऱ्याकडून मिळतात, त्यांना जास्त वेळ लागतो. पावतीवर अपेक्षित तारीख छापलेली असते, तीच धरा.

अधिवासासाठी महाराष्ट्रात सलग किमान १५ वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो. आजचं वीजबिल फक्त आजचा पत्ता सांगतं. शाळेचे पहिलीपासूनचे दाखले, जुनी कर पावती, जुनी शिधापत्रिका यातून मधली वर्षं भरून काढा. मध्ये दोन-तीन वर्षं शिक्षणासाठी रायपूर-भोपाळला असाल तर ते लपवू नका, कारण लिहा.

नॉन क्रिमिलेयरची उत्पन्न मर्यादा ८ लाख आहे, पण आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न त्यात सरसकट मिळवत नाहीत. पगारदारांच्या बाबतीत पद कोणत्या वर्गाचं आहे ते बघतात. म्हणून पगार ९ लाख आहे म्हणून अर्जच करायचा नाही, असं परस्पर ठरवू नका. प्रमाणपत्र ३१ मार्चला संपतं. फेब्रुवारीत एका वर्षाचं काढलं तर जूनच्या प्रवेशाला ते उपयोगाचं राहत नाही. तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे देऊन जास्त मुदतीचं मागा.

स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करून आणा, असं बाहेर सांगतात. खरंच लागतं का?

९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने बहुतेक दाखल्यांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र आणि प्रतींवर स्वतःचं साक्षांकन पुरतं. जात, उत्पन्न, अधिवास अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्कही १ जुलै २००४ पासून माफ आहे. कायद्याने जिथे प्रतिज्ञापत्र स्पष्टपणे मागितलं आहे तिथे ते करावंच लागतं, पण कोणत्या नियमाखाली ते विचारून घ्या. पाचशेचा मुद्रांक गरीब माणसाची दिवसाची मजुरी खाऊन टाकतो. तो विनाकारण कोणावर लादला जाऊ नये.

मुदत संपली, दाखला मिळाला नाही. पुढे काय?

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे मुदत संपल्यापासून किंवा नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील, प्रथम अपील प्राधिकाऱ्याकडे. त्यानंतर ३० दिवसांत दुसरं अपील. तिसरं अपील लोकसेवा हक्क आयोगाकडे, ६० दिवसांत. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. आपले सरकार संकेतस्थळावरूनच अपील टाकता येतं, अर्जाचा क्रमांक हाताशी ठेवा. आधी ‘त्रुटी’ निघाली आहे का ते मात्र तपासा. त्रुटीचा संदेश सेतूवाल्याच्या मोबाइलवर जातो आणि तुम्हाला कळतच नाही. अर्ज भरताना मोबाइल क्रमांक तुमचाच टाका.

माहितीचा अधिकार कधी वापरायचा?

नियमित मार्गाने नक्कल मिळत असेल तर तोच मार्ग चांगला. माहिती अधिकार तेव्हा वापरा, जेव्हा फाईलवर काय झालं हे कळत नाही. ‘माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीच्या प्रती द्या’ असं मागा. ‘का दिला नाही?’ असं विचारू नका. माहिती अधिकारात कागद मिळतो, खुलासा मिळत नाही.

जोडपत्र ‘अ’ (अर्जाचा ठरलेला नमुना), १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, पुरावा जोडा. प्रति पान २ रुपये. कागद नेमके कोणते ते माहीत नसेल तर आधी फाईल पाहण्याची मागणी करा. पहिला तास मोफत असतो, नंतर दर १५ मिनिटांना ५ रुपये. पानांवर पेन्सिलने खुणा करू नका, क्रमांक टिपून घ्या आणि तेवढ्याच प्रती मागा. उत्तर ३० दिवसांत. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर त्यांनी तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करायचा असतो. पहिलं अपील ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे, दोन्हीला २० रुपयांचं तिकीट.

‘रेकॉर्ड सापडत नाही’ असं तोंडी सांगतात.

लेखी घ्या. सरकारी फाईलचं वर्गीकरण ठरलेलं असतं : ‘अ’ कायम, ‘ब’ ३० वर्षं, ‘क’ १० वर्षं, ‘क-१’ ५ वर्षं, ‘ड’ एक वर्ष. फाईल नष्ट केली असेल तर नष्ट केल्याची नोंद असायला हवी, तिची प्रत मागा. फाईल ‘अ’ वर्गातली असेल तर ‘जुनी होती म्हणून नाही’ हे उत्तर चालत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ खाली अभिलेख सांभाळण्याची जबाबदारी कार्यालयावर आहे.

दरम्यान तीच नोंद दुसरीकडे शोधा. फेरफाराची प्रत तलाठ्याकडे नसेल तर तहसीलमध्ये असू शकते, जुना मोजणी नकाशा उपअधीक्षक भूमि अभिलेख यांच्याकडे, दस्ताची प्रत दुय्यम निबंधकाकडे. महत्त्वाच्या कागदाचं एकच ठिकाण क्वचितच असतं.

परदेशासाठी जन्म दाखला हवा आहे.

जुना हस्तलिखित दाखला नको, क्यूआर कोडचा नवा संगणकीकृत काढा आणि नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षरशः जुळवा. मग राज्य शासनाचं साक्षांकन आणि परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचं प्रमाणन. अपोस्टिल करारात नसलेल्या देशासाठी त्या देशाच्या दूतावासाचं साक्षांकन लागतं.

वर्षात कोणत्या दिवसांत गेलं तर काम लवकर होतं?

जानेवारी ते मार्चचा पहिला आठवडा. मे-जूनमध्ये प्रवेशाची गर्दी असते. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असेल तर अनेक कर्मचारी अधिवेशनाच्या ड्यूटीवर असतात आणि सिव्हिल लाइन्सचे रस्ते वळवलेले असतात. अगदी अडलं नसेल तर त्या दिवसांत जिल्हाधिकारी कार्यालय टाळा, ऑनलाइन होणारी कामं तेवढी उरकून घ्या.

दलाल ‘दोन दिवसांत आणून देतो’ म्हणतो.

नका घेऊ. दाखल्यावरचा बारकोड किंवा क्यूआर कोड तपासला की खोटा दाखला उघडा पडतो, आणि मग प्रवेश रद्द होतो, नोकरी जाते, गुन्हा दाखल होतो तो तुमच्यावर. सेतू केंद्रात दरपत्रक लावलेलं असतं, तेवढेच पैसे द्या आणि पावती घ्या. पावती देत नसतील तर त्या केंद्राची तक्रार जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी करा, केंद्राचा क्रमांक, तारीख आणि मागितलेली रक्कम लिहून.